बेवारस इंजिनाची कैफियत

मित्रांनो, होडीच्या इंजिनाला वादळाचे भय नसते. गंजाचे असते, पण तेही सवयीचे होते. खरे भय असते ते निवडणुकीचे. हे ऐकून तुम्ही हसाल. मीही पूर्वी हसलो असतो. पण पंधरा घोड्यांची ताकद अंगात असलेल्या माझ्यासारख्या धट्ट्याकट्ट्या जिवाला या निवडणुकांनी इतके वैतागून सोडले आहे की, आज बोलल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या एका माणसाने माझ्यात तेल घातले आणि दोरी ओढली. मी पहिल्याच ओढीला गुरगुरलो, तेव्हा त्याने माझ्या निळ्या झाकणावर कौतुकाने थाप मारली. बदल्यात काहीही न मागता मारलेली थाप म्हणाल तर ती पहिली आणि शेवटची. पुढे ज्याने ज्याने पाठ थोपटली, त्याचे काहीतरी काम माझ्याकडे अडलेले होते.

खोक्यात बंद होऊन मी या बेटांच्या देशाच्या राजधानीत, तारावाला उतरलो. तिथे नतानाएरा नावाच्या गृहस्थाने मला विकत घेतले. हा उगवती भरती पक्षाचा उमेदवार. त्याच्या विरोधात पक्का खडक पक्षाचा कौरे उभा होता. दोघे एकाच बेटाचे, एकाच शाळेत शिकलेले, एकाच चर्चमध्ये गाणारे आणि दोघांच्या बायका मावसबहिणी. या दोन पक्षांत नेमका फरक काय, ते मला आजतागायत कळलेले नाही. निवडून आले की भरतीवाले खडकावर चढून बसतात आणि खडकवाले भरतीत उतरतात. असे इकडून तिकडे गेले की म्हणतात, जनतेच्या हितासाठी गेलो.

नतानाएरा मला घेऊन बिकेनउआला आला. बिकेनउआ म्हणजे त्रेसष्ट मतदारांचे चिमुकले बेट. दवाखाना, शाळा, पोलीस, सगळे मोठ्या बेटावर, आणि मध्ये खाजणाचे उथळ हिरवे पाणी. ओहोटी लागली की त्यातले निम्मे पाणी नाहीसे होते आणि होड्या वाळूत रुततात. शिडाच्या होडीने पलीकडे जायला वारा म्हणेल तितका वेळ लागतो.

आमच्याकडे पाहुणा मनेआबात, म्हणजे गावाच्या त्या बिनभिंतींच्या मोठ्या छपराखाली आला की, रिकाम्या हाताने बसत नाही. म्हाताऱ्यांसमोर चटईवर तंबाखूची कांडी ठेवतो. हा रिवाज इतका जुना की निवडणुकीच्या कायद्यालाही त्याच्यापुढे मान तुकवावी लागली. उमेदवाराने मतदाराला काहीही दिले तर ती लाच, मात्र तंबाखूच्या कांडीला माफी. नतानाएराने काय करावे? चौघांकडून मला उचलवून चटईवर आडवे केले आणि माझ्या झाकणावर तंबाखूची एक कांडी ठेवली.

“ही माझी तंबाखू,” तो म्हणाला.

तेबाऊ हा बिकेनउआचा सगळ्यात वडीलधारा माणूस. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले. “आणि तिच्याखाली काय आहे?”

“ताट आहे, आजोबा. तंबाखू काय जमिनीवर ठेवू?”

“ताट जरा जड दिसतंय.”

“जड आहे खरं. मला काही परत न्यायला जमायचं नाही.”

सगळा मनेआबा खो खो हसला. मी मात्र मनातून खट्टू झालो. पंधरा घोडे एका बाजूला, आणि माझी ओळख काय, तर ताट. नतानाएरा सदतीस मतांनी निवडून आला आणि तारावाला गेला. मी मागे राहिलो, आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले.

गावाने मला तेबाऊच्या घरी ठेवले. घरात त्याची बायको नेई तेवाता, मुलगा मिकाएरे आणि मिकाएरेची नवी नवरी रुता. नेई हा बायकांच्या नावाआधी लावायचा मान, पण तेवाताच्या नावाआधी तो गाव जरा घाबरूनच लावत असे. मिकाएरेसारखा धनी मला पुन्हा मिळायचा नाही. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही खारटपणाकडे झुकलेली. तरी रोज काम संपले की तो बादलीभर गोडे पाणी आणून माझ्या पोटातले मीठ धुऊन काढी. रुता चिडवायची, “मला आंघोळीला अर्धी बादली आणि ह्याला पूर्ण. लग्न कुणाशी लावलंय नक्की?”

त्या दहा महिन्यांत मी काय काय वाहिले. शाळेची मुले वाहिली, सुक्या खोबऱ्याची पोती वाहिली, लग्नाला निघालेली डुकरे वाहिली आणि त्यांच्याहून जास्त आवाज करणारे चर्चचे गायकही वाहिले. विषारी माशाचा काटा लागून काळानिळा पडलेला एक कोळी मी सव्वा तासात दवाखान्यात पोचवला. तो वाचला. गावातल्या म्हाताऱ्या येता-जाता माझ्या झाकणाला हात लावून जात. मी सुखात होतो, मित्रांनो. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

हरलेल्या कौरेने कोर्टात दावा लावला होता. नतानाएराने मतदारांना इंजिन देऊन लाच दिली, सबब निवडणूक रद्द करा. दावा ठीक होता, पण पुरावा समुद्रात फेऱ्या मारत होता. तेव्हा कौरे एके दिवशी बिकेनउआच्या मनेआबात येऊन बसला. तंबाखूची कांडी ठेवली. ताटबीट काही नाही, नुसती कांडी. मग हात पुढे करून म्हणाला, “तेबाऊ आजोबा, मी बुबुती करतो. तुमच्या घरी आहे ते इंजिन मला द्या.”

बुबुती म्हणजे चारचौघांत रीतसर केलेले मागणे. त्याला आमच्या लोकांत नकार नसतो. मागणाऱ्याला शरम नसते, नाही म्हणणाऱ्याच्या मात्र सात पिढ्यांचे नाक कापले जाते. मागे बायकांत बसलेली नेई तेवाता पुढे सरकून नवऱ्याच्या कानाशी लागली.

“अहो, हा मागत नाहीये. हा नेतोय.”

“मागायचे शब्द त्याने बरोबर वापरले,” तेबाऊ म्हणाला.

“शब्द बरोबर आहेत. माणूस बरोबर नाही.”

“तेवाता, एवढ्या लोकांत मी नाही म्हणू? उद्यापासून ह्या मानाच्या खांबाला पाठ कशी टेकू?”

आणि तेबाऊने मला देऊन टाकले. कौरेने मला होडीत घातले आणि मोठ्या बेटावर नेऊन थेट पोलिसाच्या ताब्यात दिले. पोलिसाने माझ्या मानेला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. आजवर माझ्या मानेला हात लागला होता तो होडीला जोडायला. आता मी पुरावा झालो. मला गोड्या पाण्याने धुतले का, हे कोणीही विचारले नाही.

खटल्यात मला व्हरांड्यात मांडले होते, त्यामुळे एकूण एक शब्द मी ऐकला. नतानाएरा शपथेवर म्हणाला, “मी तंबाखू दिली. इंजिन कोणाचं, मला ठाऊक नाही.”

न्यायाधीशांनी तेबाऊला विचारले, “हे इंजिन तुमचं का?”

“साहेब, ‘माझं’ म्हणणं आमच्यात चांगलं दिसत नाही. कौरेनं मागितलं, मी दिलं. आता कौरेचं.”

“माझं?” कौरे उडालाच. “मी कशाला घेऊ लाचेचा माल? मी फक्त कोर्टाला दाखवायला आणलं.”

निकाल लागायला दीड वर्ष गेले. देणारा कोण ते सिद्ध झाले नाही, सबब दावा फेटाळला, वस्तू तिच्या मालकाला परत द्यावी, असा हुकूम झाला. वाचताना किती सोपा वाटतो. पण मालक म्हणून कागदावर सही करणार कोण? नतानाएराने केली, तर त्याने लाच दिली असे होते. तेबाऊने केली, तर त्याने लाच घेतली असे होते. कौरेने केली, तर त्याचे जगात हसे होते. पोलिसाने कागद कपाटात ठेवला आणि मला मोठ्या बेटाच्या मनेआबाच्या कडेला, छपरावरून पाणी गळते तिथे टेकवून ठेवले. माझ्यावर कोंबडी बसू लागली. तिला तरी माझा काही उपयोग होता.

आता जे सांगतो ते हसण्यासारखे नाही. माझ्या जागेवरून खाजणाचा काठ आणि दवाखान्याचे दार, दोन्ही दिसत. निकालानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, शिडाची एक होडी अगदी सावकाश काठाला लागली. वारा पडला होता. मिकाएरे गुडघाभर पाण्यात उतरून ती ओढत होता. आत बाळंतपणाला निघालेली रुता निजलेली होती आणि नेई तेवाता तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी निघालेली माणसे दुपारी पोचली. बाळ वाटेतच गेले होते. मी तिथून शंभर पावलांवर, मानेला चिठ्ठी बांधून, कायद्याने जपून ठेवलेला होतो. त्या दिवशी मला कोणी समुद्रात ढकलून दिले असते तर मी उपकारच मानले असते.

तेबाऊने त्यानंतर मनेआबात तोंड उघडले नाही. तो येई, खांबाला पाठ टेकून बसे आणि उठून जाई.

मग चौथे वर्ष आले आणि पुन्हा निवडणूक. भिंतींवर पुन्हा भरती उगवली, पुन्हा खडक पक्का झाला. मोठ्या बेटाच्या मनेआबात दोन्ही उमेदवारांची सभा ठरली. सगळ्या बेटांवरून लोक आले. बिकेनउआहूनही होडी आली. तिच्यातून नेई तेवाता उतरली, मागोमाग रुता. रुताला सातवा महिना होता. ती माझ्याजवळून गेली, पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिचे बरोबरच होते.

दोघांच्या दोन कांड्या चटईवर आल्या, दोघांची दोन भाषणे झाली. नतानाएराने धक्का बांधायचे वचन दिले, कौरेने त्याहून लांब धक्का बांधायचे दिले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून नेई तेवाता उठून मधोमध येऊन बसली.

“बाई, मागे बस. बोलायची पाळी म्हाताऱ्यांची आहे,” मनेआबाचा प्रमुख म्हणाला.

“माझा म्हातारा बोलायचा थांबलाय. म्हणून त्याची पाळी मी घेतली,” ती म्हणाली. “मी बुबुती करते.”

हा शब्द आला आणि प्रमुख मागे सरकून बसला. त्या शब्दाला मागे बस म्हणता येत नाही. तिने नतानाएराकडे हात पुढे केला. “साहेब, ते छपराखाली इंजिन पडलंय, ते मला द्या.”

नतानाएराने घाम पुसला. “मावशी, मी दिलं असतं हो. पण ते माझं नाहीच. कोर्टात शपथेवर सांगितलंय मी.”

“तुमचं नाही. ऐकलं ना सगळ्यांनी?” तिने हात कौरेकडे वळवला. “मग तुम्ही द्या. मागून नेलंत तुम्हीच.”

“मी दिलं तर उद्या हा मला लाच दिली म्हणून कोर्टात खेचील,” कौरे नतानाएराकडे बोट दाखवत म्हणाला. “आणि मुळात ते माझं नाहीच.”

“तुमचंही नाही. पोलीसदादा, सरकारचं आहे का?”

“छे हो. सरकारनं तर मालकाला द्या म्हणून सांगितलंय.”

नेई तेवाता प्रमुखाकडे वळली. “आजोबा, समुद्राने किनाऱ्यावर ओंडका टाकला, त्याला कोणी माझा म्हणेना, तर तो कुणाचा?”

म्हाताऱ्याने तंबाखू गालात सरकवली. त्याने दोन्ही उमेदवारांकडे पाहिले आणि त्याच्या खांद्यांना हसू आवरेना. “जो उचलील त्याचा,” तो म्हणाला.

“मिकाएरे, उचल.”

एका बाजूने मिकाएरेने उचलले, दुसऱ्या बाजूने बिकेनउआच्या चार बायकांनी. कोंबडी ओरडत उडाली. पोलिसाने स्वतः येऊन माझ्या मानेची चिठ्ठी कापली, आणि मला वाटते, सगळ्यात मोकळा श्वास त्यानेच घेतला असेल.

माझी दशा मात्र पाहण्यासारखी नव्हती. नळ्या मिठाने तुंबलेल्या, तेलाचा डिंक झालेला, पंखा हलेना. मिकाएरेने तीन आठवडे खपून मला सुटे सुटे केले, धुतले, खरवडले, जोडले. बावीस वेळा दोरी ओढल्यावर मी खोकलो. तेबाऊ दारात उभा होता. विहिरीवर जाऊन त्याने बादली भरून आणली.

मतदानाच्या दिवशी बिकेनउआला एक शाळामास्तर अधिकारी म्हणून आले होते. त्यांना सोडून गेलेली सरकारी होडी वाटेत बिघडली, तेव्हा पेटी नेण्याचे काम माझ्यावर आले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट मते पडली. पेटीला सील लागले, पेटी होडीत ठेवली, शेजारी दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट बसले, आणि नेमक्या त्याच वेळी नेई तेवाता रुताला आधार देत काठावर आली. कळा सुरू झाल्या होत्या. ओहोटीही सुरू झाली होती.

होडी लहान. सगळी माणसे आणि पेटी बसली तर ती वाळूला टेकणार, हे उघड होते.

“तुम्ही दोघं उतरा,” मिकाएरे एजंटांना म्हणाला.

“हा उतरला तर मी उतरतो,” भरतीवाला म्हणाला.

“आणि मी आधी उतरलो की हा पेटीत हात घालील,” खडकवाला म्हणाला.

“सील आहे रे तिला.”

“तुझ्या हाताला सील काय करणार?”

“पेटी आज संध्याकाळच्या आत पोचलीच पाहिजे, तसा नियम आहे,” मास्तर म्हणाले. “बाईंना नेऊन परत यायला पाणी उरणार नाही.”

मला तर वाटले, आता पुन्हा तेच. पुन्हा मी असून नसल्यासारखा.

नेई तेवाता मास्तरांसमोर उभी राहिली. “मास्तर, ही पेटी उद्या सकाळीही एवढीच भरलेली असेल. माझ्या सुनेचं तसं नाही.”

मास्तरांनी एकदा पाण्याकडे पाहिले. मग ते होडीत चढले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी पेटी खाली उतरवली. “उशीर माझ्यामुळे झाला असं लिहून देतो,” ते म्हणाले. एजंट पेटीमागोमाग खाली उतरले आणि तिच्या दोन कड्या दोघांनी धरून वाळूत बसले.

आम्ही निघालो. खाजणाच्या मध्यावर रुता म्हणाली, “आई, इथंच ना, मागच्या वेळी?”

“गप पड. पाण्याला जागा नसते,” नेई तेवाता म्हणाली, पण तिने डोळे मिटून घेतले.

आणि मी तिथेच बंद पडलो. प्लग काजळला होता. मित्रांनो, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मिकाएरे प्लग काढून सदऱ्याने पुसत होता आणि होडीखालची वाळू वर वर येत होती. त्याने दोरी ओढली. मी नुसता खरखरलो. नेई तेवाता वाकून माझ्या झाकणावर बुक्की मारत म्हणाली, “अरे मेल्या, पुढाऱ्यांची संगत लागली का तुला? नुसता आवाज काढतोस. चाल की आता.”

हा टोमणा मला जिव्हारी लागला. पुढच्या ओढीला मी जो पेटलो तो काठाला लागेपर्यंत थांबलो नाही. रुताला मिकाएरेने उचलून दारातून आत नेले, आणि दिवस मावळायच्या आत मी ज्याची त्या दुपारपासून वाट पाहत होतो ते रडणे ऐकले. मुलगी झाली.

पेटी दुसऱ्या दिवशी आणली. निकाल एक दिवस लटकला म्हणून रेडिओवाल्याने आमच्या बेटाच्या नावाने खडे फोडले, मास्तरांना लेखी ताकीद मिळाली. नतानाएरा अकरा मतांनी जिंकला. सातव्या आठवड्यात जनतेच्या हितासाठी तो पक्का खडक पक्षात गेला. म्हणजे ज्या कौरेने त्याला कोर्टात खेचले, त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला. मला पुरावा केले, दीड वर्ष खटला चालवला, एक बाळ गेले, आणि आता दोघांच्या गळ्यात एकाच फुलांच्या माळा.

परवा दोघे जोडीने बिकेनउआला आले. त्यांना सगळ्या बेटांवर आभार दौरा काढायचा होता आणि सरकारी होडी अजून बिघडलेलीच होती. मनेआबात कांडी ठेवली गेली. कौरेने हात पुढे केला. शब्द अगदी बरोबर होते. “नेई तेवाता, मी बुबुती करतो. इंजिन आम्हाला द्या.”

नाही म्हणायची आमच्यात सोयच नाही. तेबाऊने खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. सगळे तिच्याकडे बघू लागले. ती सावकाश उठली, रुताच्या मांडीवरून नात उचलून घेतली आणि कौरेच्या हातांत ठेवली.

“मी उचललं म्हणून ते माझं झालं, आणि मी ते हिला देऊन टाकलं,” ती म्हणाली. “तेव्हा मागणं हिच्याकडे करा. ही हो म्हणाली की खुशाल घेऊन जा.”

नात सात महिन्यांची. तिने कौरेची माळ ओढून तोंडात घातली. पुढारी भरती बघून शिडाच्या होडीने निघून गेले.

मित्रांनो, मला हार नको, भाषण नको, माझ्या झाकणावर कोणत्याही पक्षाचा कागद नको. खाऱ्या पाण्यातून आलो की बादलीभर गोडे पाणी द्या आणि ज्याला निकड आहे त्याच्यासाठी मला मोकळा ठेवा, एवढेच मागणे आहे. पोर आता बोलायच्या बेतात आली आहे. नेई तेवाता रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसते आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवते. आमच्या गावात हा शब्द आजवर कुणी कुणाला शिकवला नव्हता. ती म्हणते, “म्हण बाळा, नाही.”